शीतकपाट : त्याची कहाणी आणि त्याचे नेम

आपल्या आज्या-पणज्या व्रत करीत, तेव्हा आधी त्या व्रताची कहाणी ऐकत. कोणावर कोणता प्रसंग ओढवला, त्यातून ती कशी सुटली आणि म्हणून कोणता नेम पाळावयाचा, हे सारे कहाणीत येई. त्यामुळे नेमाचे ओझे वाटत नसे आणि त्याचा विसरही पडत नसे. आज आपल्या स्वयंपाकघरात जे शीतकपाट, म्हणजे आपला फ्रीज, अहोरात्र घुमत असते, त्याच्याबरोबरही एक पुस्तिका येते. तिच्यात नेम पुष्कळ असतात, परंतु कहाणी नसते. दार वारंवार उघडू नका, पदार्थ झाकून ठेवा, बर्फ सुरीने खरवडू नका, भिंतीपासून अंतर राखा. हे कशासाठी, ते कोणी सांगत नाही. मग पुस्तिका हमीपत्राबरोबर खणात जाऊन पडते आणि नेम एकामागून एक मोडत जातात.

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने ती राहून गेलेली कहाणी भगिनींपुढे ठेवावी असे वाटले. ही केवळ एका यंत्राची हकीकत नाही. तिच्यात बर्फाचा व्यापार करणारा एक हिकमती गृहस्थ आहे, पदवी नाकारली गेलेली एक विदुषी आहे, झोपेतच दगावलेले एक कुटुंब आहे आणि खेळता खेळता प्राणास मुकलेली लहान मुले आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकाकडून आपल्याला एकेक नेम मिळाला आहे.

माठ आणि शिंके

शीतकपाट नव्हते तेव्हा आपली घरे काय करीत असत? दूध दिवसातून दोन-तीन वेळा तापविले जाई. लोणी पाण्यात ठेवले जाई. शिंक्यावरच्या दह्यादुधाला वारा लागे आणि मांजराचा व मुंग्यांचा उपद्रव टळे. जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असत. उन्हाळा आला की पापड, कुरडया, सांडगे, लोणची, मुरंबे यांची धांदल उडे. मीठ, साखर, तेल आणि ऊन ही आपली टिकवण्याची चार साधने होती. पाचवे साधन कोणी मोजत नसे. ते म्हणजे घरातल्या बाईचे कष्ट. दोन्ही वेळचे अन्न ताजे रांधले जाई, कारण उरलेले टिकत नसे.

गारव्यासाठी माठ होता. माठाच्या अंगातून पाणी पाझरते आणि त्याची वाफ होते. वाफ होताना ते पाणी उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार होते. गंमत अशी की, हजारो रुपयांच्या शीतकपाटातही हीच युक्ती आहे. त्याच्या नळ्यांत लवकर वाफ होणारे एक द्रव्य असते. कपाटाच्या आत त्याची वाफ होते आणि ती आतली उष्णता शोषून घेते. मग कॉम्प्रेसर ती वाफ दाबून बाहेरच्या नळ्यांत ढकलतो. तिथे ती उष्णता सोडते, पुन्हा द्रवरूप होते आणि परत आत जाते. माठातले पाणी उडून जाते; इथे तेच द्रव्य वर्षानुवर्षे फेऱ्या घालीत राहते, एवढाच फरक.

म्हणजे शीतकपाट थंडी निर्माण करीत नाही. ते आतली उष्णता उचलून बाहेर टाकते. एवढे समजले की निम्मे नेम आपोआप उमगतात. बाहेर टाकलेल्या उष्णतेला जावयास वाट हवी, म्हणून मागे आणि बाजूला मोकळी जागा ठेवावयाची. शेगडीजवळ किंवा उन्हाच्या खिडकीत ते ठेवू नये. मागच्या नळ्या उघड्या असतील तर वीज बंद करून त्यांवरची धूळ अधूनमधून मऊ ब्रशने झाडावी. आणि उन्हाळ्यात फ्रीजचे दार उघडून स्वयंपाकघर गार करू पाहणाऱ्या मुलांना सांगावे की, बाळांनो, खोली उलट तापते आहे.

बोस्टनचा बर्फ मुंबईत

विजेच्या आधी बर्फ आला. हिंदुस्थानात बर्फ अगदीच अपरिचित नव्हता. अकबराच्या वेळी पाणी गार करण्यासाठी सोरा वापरीत असत, आणि बादशहाचा मुक्काम पंजाबात असताना उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ आणविला जाई, याची नोंद 'आइन-इ-अकबरी'त आहे. परंतु ही चैन बादशहाची होती.

साध्या बाजारात बर्फ आणला तो अमेरिकेतील बोस्टन शहराच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने. हिवाळ्यात तिकडची तळी गोठतात. त्या बर्फाच्या लाद्या कापून उष्ण देशांत विकावयाच्या, अशी त्याची कल्पना होती. १८०६ मध्ये त्याने पहिली खेप वेस्ट इंडिजमधील मार्टिनिक बेटावर पाठविली, तेव्हा लोक त्याला हसले. पुढे १८३३ च्या मे महिन्यात 'टस्कनी' नावाचे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघाले. विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांनी, ते कलकत्त्यास पोहोचले तेव्हा जवळजवळ १०० टन बर्फ शाबूत होता. लवकरच मुंबई आणि मद्रास येथेही बर्फ येऊ लागला आणि तो साठविण्यासाठी बर्फघरे बांधली गेली. मद्रासचे बर्फघर आजही उभे आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते आणि आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. मुंबईत जमशेटजी जीजीभाई यांनी आपल्या मेजवानीत आइस्क्रीम दिले, आणि पाहुण्यांना व यजमानांना पडसे झाल्याची बातमी वर्तमानपत्रात आली, असा किस्सा जुन्या मुंबईच्या आठवणींत सांगितला जातो.

चार महिन्यांच्या प्रवासात बर्फ टिकला कसा? लाकडाच्या भुशामुळे! लाद्या भुशात घट्ट रचल्या की बाहेरची उष्णता आत शिरावयास वाट राहत नसे. १८०३ मध्ये मेरीलँडच्या टॉमस मूर नावाच्या शेतकऱ्यानेही हेच ओळखले होते. लोणी बाजारात नेण्यासाठी त्याने लाकडी पिंपात पत्र्याचा डबा बसविला, मध्ये बर्फ भरला, बाहेरून सशाच्या कातड्याचे अस्तर लावले आणि त्या वस्तूला 'रेफ्रिजरेटर' हे नाव दिले. पुढे हीच पेटी अमेरिकेत घरोघर गेली. लाकडी कपाट, आतून जस्ताचा पत्रा, वरच्या खणात बर्फाची लादी, आणि खाली वितळलेल्या पाण्यासाठी एक तबक. ते तबक वेळेवर ओतले नाही तर स्वयंपाकघरभर पाणी!

या बर्फाच्या पेटीकडून आपल्याला दाराचा नेम मिळाला. थंडी टिकते ती भिंतींमुळे आणि घट्ट दारामुळे. आपल्या फ्रीजच्या दाराभोवती जी रबरी पट्टी असते, ती ट्यूडरच्या भुशाइतकीच मोलाची समजावी. तिच्या घड्यांत पीठ, साखरेचा पाक, बुरशी साचली की दार नीट बसत नाही. महिन्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्याने ती पुसावी. दारात कागदाचा एक कपटा धरून दार लावावे आणि कागद ओढून पाहावा. तो सहज निघाला तर पट्टी सैल झाली असे समजावे. विजेचे बिल वाढण्याचे कारण पुष्कळदा तिथेच सापडते.

पेनिंग्टनबाई

आता या कहाणीतील मुख्य स्त्रीकडे वळू. मेरी एंगल पेनिंग्टन यांचा जन्म १८७२ चा. त्या फिलाडेल्फिया शहरात वाढल्या. वयाच्या बाराव्या वर्षी ग्रंथालयात रसायनशास्त्राचे पुस्तक त्यांच्या हाती पडले आणि त्या विषयाने त्यांना झपाटले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी अभ्यासक्रम पुरा केला. परंतु स्त्री म्हणून त्यांना १८९२ मध्ये पदवी दिली गेली नाही, केवळ प्रावीण्याचे प्रमाणपत्र हाती ठेवण्यात आले. त्यांनी हट्ट सोडला नाही. १८९५ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली.

त्या काळी शहरांत मुलांच्या मृत्यूचे एक मोठे कारण दूषित दूध हे होते. फिलाडेल्फियाच्या आरोग्यखात्याच्या प्रयोगशाळेत पेनिंग्टनबाई दुधातील जंतूंचा अभ्यास करीत. शाळांच्या दाराशी आइस्क्रीम विकणाऱ्या फेरीवाल्यांना शिक्षेचा धाक घालण्याऐवजी त्यांनी त्यांच्याच भांड्यांतील जंतूंची चित्रे त्यांना दाखविली. ती पाहून ते गृहस्थ आपली भांडी आणि पळ्या उकळून घ्यावयास तयार झाले. समजावून सांगितले तर माणूस ऐकतो, हा त्यांचा विश्वास होता.

पुढे अमेरिकन सरकारच्या अन्नविषयक संशोधनासाठी त्यांनी परीक्षा द्यावी असे रसायन खात्याचे प्रमुख हार्वे वायली यांनी सुचविले. स्त्रीचे नाव पाहून कोणी अर्ज बाजूला ठेवू नये म्हणून तो 'एम. ई. पेनिंग्टन' या नावाने गेला. त्या उत्तीर्ण झाल्या. ही व्यक्ती बाई आहे हे उघड होईपर्यंत नेमणूक झालेली होती. १९०८ मध्ये त्या अन्नसंशोधन प्रयोगशाळेच्या प्रमुख झाल्या. कोंबड्या, अंडी, मासे, दूध शेतापासून ताटापर्यंत कशा थंडीत न्यावे, याचा त्यांनी अभ्यास केला. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या रेल्वेच्या शीतडब्यांतून स्वतः प्रवास करीत आणि आत हवा नीट खेळते की नाही हे तपासीत. फारच थोड्या डब्यांत ती खेळत होती.

सरकारी नोकरी सोडल्यानंतर, १९२३ मध्ये, बर्फ कारखानदारांच्या संघाच्या मदतीने त्यांनी घरगुती शीतकपाटाविषयी गृहिणींना मार्गदर्शन करणारे एक केंद्र उभारले. तेथून लहान लहान पुस्तिका निघत. १९२५ मधील एक पुस्तिका घरातील बालकाच्या अन्नाची निगा या विषयावर होती. १९२७ मधील दुसरीचे नावच मुळी 'थंडी म्हणजे उष्णतेचा अभाव' अशा अर्थाचे होते. मघाशी आपण माठापाशी जे पाहिले तेच त्यांनी गृहिणींना साध्या शब्दांत सांगितले. ज्या विदुषीला विद्यापीठाने पदवी नाकारली, तिने आपली विद्या स्वयंपाकघरापर्यंत आणून पोहोचविली. १९५२ मध्ये त्या निवर्तल्या, तोवर त्यांचे काम चालूच होते.

त्यांच्या शिकवणीचे सार असे की, थंडी अन्नाला शुद्ध करीत नाही. ती फक्त बिघाड लांबविते. खराब दूध फ्रीजमध्ये ठेवले तर ते चांगले होत नाही, थंड खराब दूध होते. जंतू थंडीत मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते. काही तर तिथेही हळूहळू वाढतात. लिस्टेरिया नावाचा जंतू त्यांपैकी एक असून तो गर्भवती स्त्रियांना विशेष घातक आहे. म्हणून घरात कोणी गरोदर असेल तर कच्चे दूध आणि बरेच दिवस फ्रीजमध्ये राहिलेले तयार पदार्थ तिला देऊ नयेत; उरलेले अन्नही वाफ येईपर्यंत तापवूनच द्यावे.

नेम असे : फ्रीजच्या आतले तापमान ४ ते ५ अंश सेल्सियसच्या वर जाऊ देऊ नये. लहानसा तापमापक आत ठेवला तर अंदाजावर विसंबावे लागत नाही. दाराच्या खणात तापमान सर्वांत जास्त हलते, म्हणून दूध दारात न ठेवता आतल्या फळीवर ठेवावे. कच्चे मांस, मासे झाकून सर्वांत खाली ठेवावेत, म्हणजे त्यांचे पाणी इतर पदार्थांवर गळणार नाही. आणि कपाट खच्चून भरू नये. रेल्वेच्या डब्याप्रमाणेच तिथेही हवा खेळावयास हवी.

विषारी वायू

बर्फाची जागा विजेच्या यंत्राने घेतली ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात. परंतु त्या पहिल्या यंत्रांच्या नळ्यांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असत. नळी फुटली की घरच्या माणसांच्या जिवावर बेते. १९२६ च्या सुमारास बर्लिनमध्ये असाच वायू गळून एक कुटुंब दगावले. ती बातमी आल्बर्ट आइनस्टाइन यांनी वाचली आणि ते हळहळले. आपले तरुण सहकारी लिओ झिलार्ड यांच्या सोबत त्यांनी हलता भाग नसलेले, गळतीचे भय नसलेले शीतकपाट तयार करावयाचे ठरविले. १९३० मध्ये त्याचे अमेरिकन पेटंटही मिळाले. सापेक्षतावादाचा जनक फ्रीजची नळी सुधारीत बसला होता, हे ऐकून नवल वाटेल. पण ज्याला परक्या घरातील मुलांचा मृत्यू अस्वस्थ करतो तोच खरा मोठा माणूस, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यांचे यंत्र बाजारात आले नाही, कारण त्याच सुमारास टॉमस मिजली या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने बिनविषारी वायू शोधून काढला. १९३० मध्ये शास्त्रज्ञांच्या सभेत त्याने तो छातीत भरून घेतला आणि फुंकर घालून मेणबत्ती विझविली. विषारी नाही आणि पेट घेत नाही, हे एकाच फुंकरीत सिद्ध झाले! 'फ्रिऑन' या नावाने तो जगभर गेला. शीतकपाट खऱ्या अर्थाने घरात शिरले ते त्यानंतर.

पण कहाणी तिथे संपत नाही. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी दाखवून दिले की, हा निरुपद्रवी वाटणारा वायू वातावरणात उंच जाऊन ओझोनचा थर खातो. हाच थर आपल्याला सूर्याच्या घातक किरणांपासून वाचवितो. १९८५ मध्ये दक्षिण ध्रुवावर त्या थराला पडलेले मोठे खिंडार जगापुढे आले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे करार झाला, आणि भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. भारताने या वायूंचे उत्पादन २००८ मध्ये थांबविले. जगातील सर्व राष्ट्रांनी मान्य केलेला असा करार विरळाच. ओझोनचा थर आता हळूहळू भरून येत आहे.

आजच्या पुष्कळ घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन हा वायू असतो. तो ओझोनला अपाय करीत नाही, परंतु आपल्या शेगडीच्या गॅसप्रमाणे पेट घेतो. फ्रीजमध्ये तो अगदी थोडा असतो आणि नळ्या बंदिस्त असतात, तेव्हा भिण्याचे कारण नाही. मात्र इथेच सुरीचा नेम येतो. साध्या फ्रीजच्या बर्फखणात बर्फाचा थर चढतो. घाईघाईने तो सुरीने किंवा उलथन्याने खरवडला तर खालची पातळ नळी फुटते. वायू निघून जातो, घरात पेट घेणारा वायू पसरतो आणि दुरुस्तीचा खर्च येतो तो वेगळाच. बर्फ बोटाच्या अर्ध्या पेराइतका होण्याची वाट न पाहता, थर जाडावू लागताच फ्रीज बंद करावा, दार उघडे ठेवावे, कोमट पाण्याचे भांडे आत ठेवावे आणि बर्फ आपोआप सुटू द्यावा. बर्फाचा थर स्वतःच भुशासारखा उष्णतेला अडवितो, म्हणून तो वाढला की यंत्र अधिक वेळ चालते आणि थंडावा मात्र कमी होतो. 'फ्रॉस्ट फ्री' फ्रीजमध्ये ही सफाई यंत्र स्वतः करते. तिथे आतली वाऱ्याची भोके डब्यांनी बुजवू नयेत, एवढेच पाहावयाचे.

बंद दारामागची मुले

हा भाग लिहिताना हात अडखळतो. पूर्वीच्या फ्रीजच्या दाराला खटक्याची कडी असे. ती बाहेरूनच उघडे. अमेरिकेत टाकून दिलेल्या जुन्या फ्रीजमध्ये मुले लपाछपी खेळताना शिरत, दार लागे आणि ते आतून उघडता येत नसे. घट्ट दारातून आवाजही बाहेर येत नसे. अशी अनेक मुले गुदमरून गेली. अखेर १९५६ मध्ये तिथे कायदा झाला. १९५८ च्या ऑक्टोबरपासून प्रत्येक घरगुती फ्रीजचे दार आतून ढकलून उघडता आलेच पाहिजे असे ठरले. आज आपल्या फ्रीजचे दार चुंबकाच्या पट्टीने लागते, त्यामागे ही हकीकत आहे.

चुंबकाचे दार झाले म्हणून धोका पुरता टळला असे नाही. अगदी लहान मुलाला ते दार आतून ढकलणे जमेलच असे नाही, आणि आपल्याकडे जुने फ्रीज जिन्याखाली, गच्चीवर, अंगणात वर्षानुवर्षे पडून असतात. म्हणून हा नेम सर्वांत आधी पाळावा : फ्रीज वापरातून काढला की त्याच दिवशी त्याचे दार बिजागरीतून काढून ठेवावे. आणि तो भंगारवाल्याला देऊन नळ्या तोडू देण्यापेक्षा, विजेच्या टाकाऊ वस्तू गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा.

फ्रीझरची गोष्ट

वरचा बर्फखण, म्हणजे फ्रीझर, हा खालच्या कपाटाचा धाकटा भाऊ नव्हे. त्याचा धर्मच निराळा. क्लॅरन्स बर्ड्सआय नावाचा एक अमेरिकन गृहस्थ १९१२ च्या सुमारास लॅब्राडोरच्या हिमप्रदेशात गेला होता. तिथले इनुइट लोक पकडलेला मासा कडाक्याच्या वाऱ्यात क्षणात गोठवीत. महिन्यांनंतर तो शिजविला तरी ताज्यासारखा लागे. कारण असे की, पदार्थ सावकाश गोठला तर त्यात बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि ते त्याचे अंग फाडतात. चटकन गोठला तर स्फटिक बारीक राहतात. या निरीक्षणावर त्याने धंदा उभारला आणि १९३० मध्ये अमेरिकेत गोठविलेले अन्न दुकानांतून मिळू लागले.

आपल्या मटारांनाही हाच नियम लागतो. सोललेले मटार उकळत्या पाण्यातून मिनिट-दोन मिनिटे काढावे, लगेच थंड पाण्यात टाकावे, कोरडे करावे आणि लहान पिशव्यांतून पातळ थर करून ठेवावे. किलोभराचा गोळा एकदम ठेवला तर मधला भाग सावकाश गोठतो आणि नंतर मटार लगदा होतात. ओले खोबरे, आमरस, वाटण हे सारे एका वेळेस लागेल एवढ्या लहान वाट्यांत ठेवावे. फ्रीझरचे तापमान उणे १८ अंश सेल्सियस असावे. गोठलेला पदार्थ ओट्यावर ठेवून न सुटवता खालच्या कपाटात सुटू द्यावा, आणि एकदा उबेला आलेला पुन्हा गोठवू नये. प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी लावावी. फ्रीझर म्हणजे विसरण्याची जागा नव्हे.

आपल्या घरी

भारतात तयार झालेला पहिला घरगुती फ्रीज १९५८ मध्ये गोदरेजने बाजारात आणला. त्याआधी परदेशी फ्रीज मोजक्या घरांत होते. पुढेही बरीच वर्षे फ्रीज ही मोठी मिजास होती. तो स्वयंपाकघरात न ठेवता दिवाणखान्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा ठेवीत. त्यावर विणलेला रुमाल आणि फुलदाणी असे. दाराला किल्लीही असे. परंतु त्या किल्लीचा उपयोग फारसा होत नसे, कारण चाळीत किंवा वाड्यात एका बिऱ्हाडी फ्रीज आला की तो सगळ्यांचा होई. पाहुणे आले की बर्फ मागावयास मुले वाटी घेऊन धावत. कोणाच्या आजोबांचे इन्सुलिन तिथे असे, कोणाच्या तान्ह्याचे औषध असे. शीतकपाटाने शेजारधर्म वाढविला, ही गोष्ट कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेली नाही.

इन्सुलिनचा विषय निघाला म्हणून सांगते. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत, मधल्या फळीवर ठेवावयाच्या. बर्फखणात कधीही नाही. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निरुपयोगी होते, आणि ते डोळ्यांना ओळखू येईलच असे नाही.

आता आपल्या भाताविषयी. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवावयाचा आणि सकाळी फोडणीला टाकावयाचा, ही आपली जुनी रीत. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूची बीजे असतात आणि ती शिजवूनही मरत नाहीत. भात उबेत राहिला की ती वाढून विष तयार करतात, आणि पुन्हा परतल्याने ते विष जात नाही. १९७१ मध्ये इंग्लंडात परतलेल्या भाताने लोक आजारी पडले तेव्हा ही गोष्ट ठळकपणे ध्यानात आली. 'आमच्या वेळी असे काही होत नव्हते' असे सासूबाई म्हणतील. होत होते, तेव्हा पोट बिघडले की दृष्ट काढीत असत! फोडणीचा भात खुशाल करावा. फक्त रात्रीचा भात पसरट भांड्यात काढून, वाफ जाताच झाकून फ्रीजमध्ये ठेवावा. कोणतेही शिजलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक बाहेर ठेवू नये. वैशाखात एक तासच पुरे. मोठ्या पातेल्यातली आमटी मधोमध रात्रभर कोमट राहते, म्हणून ती दोन लहान भांड्यांत विभागावी.

सगळेच फ्रीजमध्ये कोंबू नये, हाही एक नेम आहे. कांदे-बटाटे मोकळ्या हवेत बरे. केळी तिथे काळी पडतात. टोमॅटो चव गमावतात. पाव बाहेरपेक्षा आत लवकर शिळा होतो. टिकवावयाचाच असेल तर फ्रीझरमध्ये ठेवावा. वीज गेली तर दार उघडून पाहण्याचा मोह आवरावा. बंद फ्रीज सुमारे चार तास थंड राहतो आणि पूर्ण भरलेला फ्रीझर जवळजवळ दोन दिवस. वीज आल्यावर यंत्राला तीन ते पाच मिनिटांची उसंत देऊन मग सुरू करावे. पंधरवड्यातून एकदा आतून सोड्याच्या कोमट पाण्याने पुसून काढावे, आणि त्या दिवशी मागे पडलेला प्रत्येक डबा उघडून पाहावा.

शेवटी एकच गोष्ट सांगावयाची आहे. शीतकपाटाने आपल्याला वेळ दिला. दोन्ही वेळा चुलीशी जाणारे आपल्या आईचे तास त्याने काही अंशी परत केले. त्या वेळातूनच कोणी शिकली, कोणी नोकरीस गेली, कोणी मंडळाच्या कामाला आली. परंतु ते जो वेळ देते तो मुदतीचा असतो. अन्नाच्या बाबतीत मुदत टळली की वसुली होते, आणि ती बहुधा घरातल्या सर्वांत लहानाकडून किंवा सर्वांत वृद्धाकडून होते. म्हणून पेनिंग्टनबाईंचे नेम पाळावयाचे.

आणि स्मरणिका मिटण्यापूर्वी मंडळाला एक विनंती. येत्या आठवड्यात प्रत्येकीने आपली इमारत, आपली गल्ली एकदा नजरेखालून घालावी. जिन्याखाली, गच्चीवर कुठे दारासह पडलेला जुना फ्रीज दिसला, तर मालकाला गोडीने सांगून त्याचे दार त्याच दिवशी काढावयास लावावे. कहाणी ऐकल्याचे फळ म्हणून एवढे आपल्या हातून घडले तरी पुष्कळ झाले.